समुद्रापार पोचले किती?

१९०९-१० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या ‘सेलेम’ आणि ‘बर्मिंगहॅम’ या दोन क्रूझर नौका अटलांटिक महासागरात निघाल्या, त्या शत्रूच्या शोधात नव्हत्या. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील ब्रँट रॉक या खेड्यातून एक बिनतारी केंद्र ठरलेल्या वेळी संदेश पाठवत होते. किनारा मागे पडत गेला की तो संदेश किती क्षीण होतो, एवढेच या नौकांना टिपायचे होते. कानाला टेलिफोन लावून बसलेला माणूस त्या टेलिफोनला समांतर जोडलेला रोध हळूहळू कमी करत जाई. आवाज जेमतेम कळेनासा होण्याच्या बेतात आला की तेथे थांबायचे आणि रोधाचा आकडा वहीत लिहायचा. पुढच्या अंतरावर पुन्हा तेच. कंटाळवाणे काम खरे. पण बिनतारी केंद्राने अमुक मैलांवर संदेश पोचवला, असे नुसते सांगण्याचे दिवस त्या वह्यांनी संपवले.

ब्रँट रॉकचे केंद्र ज्यांनी उभारले ते रेजिनाल्ड ऑब्री फेसेंडेन. बिनतारी विद्येच्या इतिहासात मार्कोनींचे नाव पहिल्या ओळीत येते, फेसेंडेन यांचे बहुधा तळटीपेत. माणसाचा आवाज तारेविना पाठवणारे पहिले संशोधक ते होते. संदेश गेला की नाही, याहून तो किती गेला, हा प्रश्न त्यांना अधिक महत्त्वाचा वाटे. ज्या एका संध्याकाळीमुळे त्यांचे नाव आज जगभर घेतले जाते, तिची मात्र एकही नोंद त्यांच्या मागे उरली नाही.

फेसेंडेन यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८६६ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात ईस्ट बोल्टन येथे झाला. वडील अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक. आई क्लेमेंटिना ही कॅनडात ‘एम्पायर डे’ सुरू व्हावा म्हणून झटणारी, कर्त्या स्वभावाची स्त्री. चार मुलांत रेजिनाल्ड थोरले. लेनॉक्सव्हिलच्या बिशप्स कॉलेजात ते शिकत असतानाच शिकवतही होते. मात्र पदवी न घेताच त्यांनी ते सोडले. त्यानंतर बर्म्युडा बेटावरील एका लहान शाळेत त्यांनी दोन वर्षे शिक्षकी केली. तेथेच हेलन ट्रॉट या तरुणीशी त्यांची ओळख झाली. १८९० मध्ये दोघांचा विवाह झाला. फेसेंडेन यांच्या पुढच्या वादळी आयुष्यात न बदललेली गोष्ट कोणती असेल, तर ती ही साथ.

१८८६ मध्ये ते न्यूयॉर्कला आले ते एडिसन यांच्याकडे काम मिळवायचे, या एकाच हेतूने. आपल्याला विजेतले काही कळत नाही, पण लवकर शिकू शकतो, असे त्यांनी प्रामाणिकपणे कळवले. विजेतले काही न कळणारी पुरेशी माणसे आपल्याकडे आधीच आहेत, अशा अर्थाचा निरोप आला. फेसेंडेन हटले नाहीत. शहरात जमिनीखाली तारा टाकण्याचे काम चालू होते, तेथे तपासनीसाची साधी नोकरी त्यांनी मिळवली आणि तेथून ते एडिसन यांच्या न्यू जर्सीच्या प्रयोगशाळेत मुख्य रसायनज्ञ म्हणून पोचले. १८९० मध्ये कंपनीची आर्थिक स्थिती बिघडल्याने ती नोकरी गेली. पुढे १८९२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात आणि १८९३ पासून पिट्सबर्ग येथे ते विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. पदवी नसलेल्या माणसाला ही पदे मिळाली, यावरून त्या काळात या विद्येचे वय किती कोवळे होते, ते दिसते.

हर्ट्झ आणि मार्कोनी यांच्या प्रयोगांची वार्ता येताच फेसेंडेन यांचे सारे लक्ष बिनतारीकडे वळले. त्या वेळचा प्रक्षेपक म्हणजे ठिणगी. ठिणगी उडाली की अँटेनातून लहरींचा एक झटका जाई आणि विरून जाई. चाबकाचा फटकारा बसावा तसा हा प्रकार आहे, असेच बहुतेक जाणकार मानत. फेसेंडेन यांना ते पटत नव्हते. सतारीची तार छेडली की सूर उमटतो आणि मावळतो. पण सारंगीवर गज फिरत राहिला तर सूर अखंड चालतो. बिनतारीलाही असा अखंड सूर हवा, त्यावर आवाज चढवता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. आज ही गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या वेळी ती वेडेपणाची समजली गेली.

दुसरा मतभेद रिसीव्हरविषयी होता. मार्कोनींच्या प्रारंभीच्या यंत्रणेत ‘कोहिरर’ नावाची, धातूच्या कणांनी भरलेली नळी असे. लहर येताच कण एकमेकांना चिकटत आणि विद्युतप्रवाह वाहू लागे. ही नळी ‘आले’ किंवा ‘नाही आले’ एवढेच सांगे. किती आले, ते तिला सांगता येत नसे. येणाऱ्या लहरींच्या तीव्रतेनुसार ज्याचे उत्तर कमी-जास्त होईल, असे साधन फेसेंडेन यांना हवे होते. प्लॅटिनमच्या अतिसूक्ष्म तारेवरील चांदीचा मुलामा आम्लात विरघळवून ते तारेचे संवेदनशील टोक बनवत. या खटपटीत आम्लात बुडालेली एक तुटकी तार इतरांपेक्षा चांगले काम करते, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यातून द्रव ‘बॅरेटर’ हे साधन जन्मले. पुढची काही वर्षे बिनतारीतील ते सर्वांत संवेदनशील साधन होते. ली डी फॉरेस्ट यांच्या कंपनीने त्याची नक्कल केली, तेव्हा न्यायालयाने फेसेंडेन यांच्या बाजूने निकाल दिला.

१९०० मध्ये अमेरिकेच्या हवामान खात्याने त्यांना बोलावले. हवामानाची वार्ता तारेविना पाठवण्याची सोय व्हावी, ही खात्याची गरज होती. त्याच वर्षी २३ डिसेंबर रोजी मेरीलँडमधील कॉब आयलंड येथे सुमारे दीड किलोमीटर अंतरावरच्या दोन खांबांमध्ये त्यांनी आपला आवाज पाठवला. दुसऱ्या टोकाला त्यांचे सहायक थिसेन होते. तिकडे बर्फ पडते आहे का, अशा अर्थाचा तो साधा प्रश्न होता. सेकंदाला १० हजार ठिणग्या पाडणारे यंत्र वापरल्यामुळे आवाजाबरोबर प्रचंड खरखर होती. तरी शब्द कळले. खात्याशी मात्र त्यांचे फार काळ जमले नाही. पेटंटच्या मालकीत खात्याच्या प्रमुखांनी वाटा मागितला, असा फेसेंडेन यांचा आरोप होता. १९०२ मध्ये ते बाहेर पडले. त्यांच्या वाट्याला आलेल्या भांडणांची ही नांदीच म्हणावी लागेल. आणि प्रत्येक भांडणात दोष दुसऱ्याचाच होता, असेही म्हणता येत नाही. स्वभाव तापट, आपले म्हणणे बरोबर आहे याची खात्री दांडगी, आणि बहुतेक वेळा ते खरोखरच बरोबर असे, हीच तर अडचण होती.

पिट्सबर्गचे दोन धनिक, हे वॉकर आणि थॉमस गिव्हन, यांनी पैसा पुरवला आणि ‘नॅशनल इलेक्ट्रिक सिग्नलिंग कंपनी’ उभी राहिली. १९०५ मध्ये अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर एकसारखे मनोरे उभारले गेले. एक ब्रँट रॉक येथे, दुसरा स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मॅक्रिहॅनिश येथे. प्रत्येक मनोरा म्हणजे ४२० फूट, अर्थात सुमारे १२८ मीटर उंचीची, तणाव्यांनी सावरलेली पोलादी नळी. ती बुंध्याशी जमिनीपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवलेली होती. जानेवारी १९०६ मध्ये या दोन केंद्रांमध्ये दोन्ही दिशांनी संदेश सुरू झाले. मार्कोनींनी १९०१ मध्ये अटलांटिकपार ऐकलेली अक्षरे एकाच दिशेने आली होती, आणि ती कानाने ऐकलेली असल्याने त्यांविषयी शंका घेणारे तेव्हाही होते, आजही आहेत. येथे प्रश्न विचारला जात होता आणि उत्तर येत होते.

त्या महिन्यात फेसेंडेन यांनी केले ते काम त्यांच्या चरित्रात सहसा दोन ओळींत उरकले जाते. त्यांनी रोज रात्री येणाऱ्या संदेशाची तीव्रता टिपून ठेवली. पुढे १९०८ मध्ये अमेरिकेच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे सादर केलेल्या निबंधात त्यांनी तिचा आलेख छापला. जानेवारीतल्या रात्री एकीमागून एक मांडलेल्या, आणि त्यांवर चढणारी-कोसळणारी एक रेघ. एका रात्री संदेश खणखणीत, दुसऱ्या रात्री जवळजवळ नाहीसा. यंत्रे तीच, मनोरे तेच, शक्ती तीच. म्हणजे बदल वाटेत होत होता. आकाशात उंचावर लहरी परतवणारा विद्युतभारित थर असावा, ही केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ मध्ये मांडलेली कल्पना तेव्हा कागदावरच होती. तिचा प्रायोगिक पुरावा ॲपल्टन यांनी १९२४ मध्ये दिला. फेसेंडेन यांच्या त्या वेड्यावाकड्या रेघेत त्या थराचीच पावले उमटली होती.

५ डिसेंबर १९०६ रोजी वादळात मॅक्रिहॅनिशचा मनोरा कोसळला आणि तो पुन्हा उभारला गेला नाही. एका रात्रीत अटलांटिकचा एक काठ गेला. याच सुमारास जनरल इलेक्ट्रिकचे अर्न्स्ट अलेक्झांडरसन यांनी फेसेंडेन यांच्या आग्रहाखातर बनवलेला, अतिवेगाने फिरणारा आल्टरनेटर ब्रँट रॉकला पोचला होता. अखेर हवा तो अखंड सूर हाती आला. २१ डिसेंबर १९०६ रोजी निमंत्रितांसमोर ब्रँट रॉकहून सुमारे १८ किलोमीटरवरच्या प्लिमथला आवाज पाठवण्यात आला. हे प्रात्यक्षिक झाले, याविषयी वाद नाही. लगोलग तांत्रिक नियतकालिकात त्याचा वृत्तांत आला. टेलिफोन कंपनी हे तंत्र विकत घेईल, अशी आशा निर्माण झाली. पण १९०७ मध्ये त्या कंपनीचे व्यवस्थापन बदलले आणि ती आशा मावळली.

आता उरले नौदल. त्याने ठेवलेली अट व्यवहारी होती. प्रक्षेपक किती किलोवॉटचा, एवढ्यावर समाधान नाही; किनाऱ्यावरच्या केंद्राचा संदेश ३ हजार मैलांवर पोचला पाहिजे. फेसेंडेन यांच्या कंपनीने १०० किलोवॉटचा प्रक्षेपक बनवला, तो चाचणीसाठी ब्रँट रॉकला बसवला आणि ‘सेलेम’ व ‘बर्मिंगहॅम’ निघाल्या.

किलोवॉटचा आकडा फसवा का, हे समजून घेण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. ब्रँट रॉकच्या या चाचण्यांतील लहर ३७५० मीटर लांबीची, म्हणजे ८० किलोहर्ट्झची होती. अँटेनाची उंची लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढी असेल तर ती उत्तम काम करते; येथे तो चौथा हिस्सा ९३७ मीटर होतो. आयफेल मनोऱ्याच्या तिप्पट. फेसेंडेन यांचा १२८ मीटरचा मनोरा त्या काळच्या लोकांना आभाळाला भिडलेला वाटे. लहरीच्या मानाने तो खुजाच होता. अँटेनात शिरलेल्या विजेपैकी जेवढी लहर होऊन बाहेर पडते, तिला प्रारित शक्ती म्हणतात. ती ज्या रोधाने मोजतात तो येथे फार तर दोन ओहमच्या आत भरतो. समजा, अँटेनात ५० अँपिअर प्रवाह वाहिला, तरी बाहेर पडणारी शक्ती पाच किलोवॉटच्या आतच राहते. बाकीची ठिणगीत, वेटोळ्यांत आणि मुख्यतः जमिनीत उष्णता होऊन जाते. जमीन कोरडी की ओली, तिच्यात तारा किती पुरल्या आहेत, यावर हे नुकसान ठरते. यंत्रावरच्या तबकडीवर ते दिसत नाही. म्हणून केंद्राची खरी ताकद जाणून घेण्याचा खात्रीचा मार्ग एकच: दूर जाऊन, आले किती, ते पाहायचे आणि तेथून उलटा हिशेब मांडायचा.

नौदलाच्या बिनतारी प्रयोगशाळेचे प्रमुख लुई ऑस्टिन यांनी नेमके हेच केले. ब्रँट रॉकची लहर ३७५० मीटरची, नौकांवरची १००० मीटरची. नौका दूर जात असता घेतलेली दिवसाची मोजमापे त्यांनी एकत्र केली. रात्रीची बाजूला ठेवली, कारण रात्रीचा संदेश शब्दशः लहरी. आज येईल, उद्या येणार नाही. दिवसाच्या आकड्यांत मात्र शिस्त दिसली. अंतर दुप्पट झाले की तीव्रता निम्मी होते आणि त्याशिवाय वाटेत काही भाग शोषला जातो. लहर जितकी लांब तितके हे शोषण कमी. फेसेंडेन यांच्याच कंपनीत काम केलेले गणिती लुई कोहेन यांनी या आकड्यांना सूत्राचे रूप देण्यास मदत केली. १९११ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि ‘ऑस्टिन-कोहेन सूत्र’ म्हणून पाठ्यपुस्तकांत गेले. पाठवणाऱ्या अँटेनातील प्रवाह, तिची परिणामी उंची, लहरीची लांबी आणि अंतर एवढे ठाऊक असले की दूरच्या अँटेनात किती प्रवाह येईल, ते या सूत्राने काढता येई. उलट बाजूने, आलेल्या प्रवाहावरून पाठवणाऱ्याची ताकदही काढता येई. पुढची दहा-पंधरा वर्षे खंडांना जोडणारी अजस्र केंद्रे याच हिशेबाने आखली गेली. त्यांची थोरवी किलोवॉटऐवजी मीटर-अँपिअरमध्ये, म्हणजे परिणामी उंची गुणिले प्रवाह अशी सांगण्याची पद्धतही रूढ झाली.

सूत्र छापून आले तेव्हा फेसेंडेन आपल्याच कंपनीत नव्हते. जानेवारी १९११ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले होते. धनिकांना कंपनी विकून पैसा मोकळा करायचा होता. फेसेंडेन यांना ती चालवायची होती, शिवाय कॅनडातील हक्क स्वतःकडे हवे होते. प्रकरण न्यायालयात गेले. १९१२ मध्ये ४ लाख डॉलरहून अधिक भरपाईचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण देणारी कंपनीच अवसायकाच्या हाती गेली. त्यांनी घडवलेला १०० किलोवॉटचा प्रक्षेपक आर्लिंग्टनच्या नौदल केंद्रात बसला. १९१३ मध्ये ‘सेलेम’ पुन्हा समुद्रात गेली, तेव्हा त्याच केंद्रात शेजारी ठेवलेल्या ३० किलोवॉटच्या पॉलसेन चाप-प्रक्षेपकाशी त्याची तुलना झाली. तिपटीहून मोठे ठिणगीयंत्र मागे पडले. ठिणगीचे युग संपेल आणि अखंड लहर जिंकेल, हे फेसेंडेन यांचे भाकीत खरे ठरले. ते खरे ठरवणाऱ्या शर्यतीत हरलेले यंत्र मात्र त्यांच्याच कंपनीचे होते. नियतीची थट्टा म्हणायची ती हीच!

ऑस्टिन-कोहेन सूत्रानेही एक चकवा दिला. लहर आखूड तितके शोषण जास्त, हा त्याचा अर्थ शब्दशः घेतला तर २०० मीटरखालच्या लहरी दूरच्या संदेशांना निरुपयोगी ठरतात. तशी समजूत तेव्हा सार्वत्रिक होतीच. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने हौशी मंडळींना त्याच अडगळीत बसवले. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संदेश पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे तंबूत बसून टिपले. ज्या किंटायर द्वीपकल्पावर मॅक्रिहॅनिशचा मनोरा पडला, त्याच्या पूर्वेला, खाडीपलीकडचा हा किनारा. लहर सुमारे २३० मीटरची, शक्ती जेमतेम एक किलोवॉट. १९२३ मध्ये त्याहून आखूड लहरींवर दुतर्फा संभाषण झाले. आकाशातला थर आखूड लहरी शोषून टाकण्याऐवजी दूरवर परतवतो, हे तेव्हा ध्यानी आले. समुद्रावर दिवसा लांब लहरींसाठी केलेली मोजणी लहान लहरींना लावता येत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

शंभर वर्षांनी हौशी मंडळी फेसेंडेन यांच्या लांब लहरींकडे परतली. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा हौशी वापरासाठी खुला केला. अट अशी, की सर्व दिशांना सारखी पसरणारी एक कल्पित अँटेना धरून हिशेब केला तर प्रारित शक्ती १ वॅटहून अधिक नसावी. ती पाळायची कशी? येथे लहर २२०० मीटर लांब. परसातल्या १५ मीटर उंच तारेला, वर आडव्या तारांचे छत्र जोडले तरी, प्रारणाचा रोध मिळतो एका ओहमच्या दहाव्या हिश्शाहून कमी. जमिनीतले नुकसान मात्र पन्नास ओहमचे असू शकते. अशा अँटेनात १०० वॅट ओतले तर बाहेर पडतात दीड दशांश वॅटच्या आसपास. कल्पित अँटेनाच्या हिशेबात त्याचे होतात जेमतेम अर्धा वॅट. जमिनीचा रोध ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणून घरी बसून केलेला हिशेब हलका पडतो. मग हौशी माणूस मोजमाप जुळवलेली चौकटीची अँटेना घेऊन काही किलोमीटर दूर जातो. अगदी जवळ मोजून चालत नाही, निदान एक लहरलांबी तरी मागे टाकावी लागते. फार दूरही नको, नाहीतर जमिनीचे शोषण आणि आकाशातून परतलेली लहर घोटाळा करतात. विजेच्या तारा आणि लोखंडी कुंपणे टाळून, दिवसाउजेडी, चार-सहा ठिकाणी क्षेत्राची तीव्रता मोजायची. व्होल्ट प्रति मीटरमधील आकड्याला मीटरमधील अंतराने गुणायचे, उत्तराचा वर्ग करायचा, ३० ने भागायचे. ५ किलोमीटरवर १.१ मिलिव्होल्ट प्रति मीटर आले तर १ वॅटची मर्यादा गाठली असे समजावे. ‘सेलेम’वरील वहीचाच हा घरगुती अवतार आहे.

फेसेंडेन यांनी स्वतः बिनतारीकडे जवळजवळ पाठ फिरवली. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर ते बोस्टनच्या ‘सबमरीन सिग्नल कंपनी’साठी काम करू लागले. पाण्याखाली जोरदार ध्वनी सोडणारा आणि त्याचा प्रतिध्वनी टिपणारा ‘ऑसिलेटर’ त्यांनी बनवला. २७ एप्रिल १९१४ रोजी न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स परिसरात ‘मायामी’ या गस्ती नौकेवरून त्यांनी सुमारे दोन मैलांवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी ऐकला. तळाची खोलीही मोजली. येथेही कृती जुनीच होती. पाठवायचे, परत किती आले आणि केव्हा आले ते पाहायचे, आणि त्यावरून न दिसणाऱ्या गोष्टीचा माग काढायचा.

त्यांचा आणखी एक शोध काळाच्या फार पुढे होता. येणाऱ्या लहरीत जवळच्या वारंवारतेची दुसरी लहर मिसळली तर दोघींच्या फरकाचा सूर ऐकू येतो. या तत्त्वाला ‘हेटेरोडाइन’ हे नाव त्यांनीच दिले. १९०१-०२ मध्ये पेटंट घेतले तेव्हा दुसरी लहर स्थिरपणे निर्माण करणारे सोयीचे साधन नव्हते. निर्वात नळी आली आणि पुढे घराघरातला रेडिओ याच तत्त्वाच्या सुधारित रूपावर चालू लागला. पेटंट फिरत फिरत १९२० मध्ये वेस्टिंगहाउसकडे आणि तेथून आरसीएकडे गेले; जनकाला त्यातून काही मिळत नव्हते. त्यांनी दावा लावला. ३१ मार्च १९२८ रोजी न्यायालयाबाहेर तडजोड होऊन मोठी रक्कम हाती आली, तिचा बराच भाग वकिलांकडे गेला. मानसन्मानही रुसव्याफुगव्याविना आले नाहीत. १९२१ मध्ये रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने दिलेले पदक निव्वळ मुलाम्याचे आहे, असे वाटून त्यांनी ते परत केले होते. समजूत घातल्यावर पुन्हा स्वीकारले.

तडजोडीनंतर दांपत्य हेलनच्या बर्म्युडाला परतले. फेसेंडेन यांचे हृदय थकले होते. प्राचीन संस्कृतींचा अभ्यास हा त्यांचा जुना छंद. कॉकेशस प्रदेश आणि महापुराच्या कथा यांवर त्यांनी पुस्तकही लिहिले होते. जानेवारी १९३२ मध्ये एका जुन्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी १९०६ च्या नाताळच्या पूर्वसंध्येची आठवण सांगितली. त्या रात्री ब्रँट रॉकहून त्यांनी ध्वनिमुद्रिका लावली, स्वतः व्हायोलिन वाजवले, बायबलमधील वचन वाचले आणि समुद्रावरील नौकांनी ते ऐकले, असा त्याचा मजकूर. जगातले पहिले रेडिओ प्रसारण म्हणून आज सांगितली जाते ती हीच संध्याकाळ. घटनेनंतर २५ वर्षांनी लिहिलेल्या या पत्राआधीचा तिचा समकालीन पुरावा सापडलेला नाही. २००६ मध्ये शताब्दीच्या सुमारास अभ्यासकांनी जुन्या नोंदी धुंडाळल्या, तेव्हाही हाती काही लागले नाही. आदल्या तीनच दिवसांपूर्वी प्लिमथपर्यंत आवाज पाठवणाऱ्या केंद्राला हे अशक्य नव्हते. पण संदेशाचा कण न् कण मोजणाऱ्या या माणसाने त्या रात्रीची कुठलीच वही मागे ठेवली नाही. जानेवारी १९०६ चा, कोणाच्या लक्षात न राहिलेला आलेख मात्र छापील स्वरूपात आजही पाहता येतो.

२२ जुलै १९३२ रोजी हॅमिल्टन येथील घरी फेसेंडेन यांचे निधन झाले. बर्म्युडातील सेंट मार्क्स चर्चच्या आवारात त्यांना पुरण्यात आले. हेलन यांनी पतीचे चरित्र लिहिले, ते १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रँट रॉकचा मनोरा १९१७ मध्येच उतरवण्यात आला होता. त्याचा काँक्रीटचा पाया तेवढा तेथे उरला आहे.